तितराच्या पानाची साक्ष

खानदेशातले पक्षी बघायचे असतील तर थंडीत जा, असं मी माझ्या दोन्ही पुस्तकांत लिहून ठेवलं आहे. मोठ्यांच्या पुस्तकात दीड पान खर्ची घालून, मुलांच्या पुस्तकात एका ओळीत. मी स्वतः यंदा गेले ती ऐन चैत्रात, आणि बघायला गेले ते कोर्ट. आमच्या पुण्यात ऊन तापलं की लोक दिवसभर 'काय हे ऊन' म्हणत राहतात. जळगावला कुणी काही म्हणत नाही. डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळतात आणि बोलणं कमी करतात. मला दोन्हीपैकी एकही जमलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या लेखात जे आत्माराम नाना येतील त्यांचं नाव मी बदललेलं आहे, आणि त्यांच्या गावाचं नाव तर लिहिणारच नाही. माझ्याबद्दल मात्र जे लिहिलंय ते सगळं घडलेलं आहे. त्यावरून कुणाला माझ्यावर काही करायचं असेल तर त्याने खुशाल करावं.

जळगाव

जळगावच्या एका वाचनालयाने मुलांसाठी पक्ष्यांची पुस्तकं या विषयावर माझं भाषण ठेवलं होतं. कोर्टातल्या माझ्या साक्षीची तारीख त्याच आठवड्यातली होती, म्हणून मी हो म्हटलं. एरवी भाषणाचा मला मनापासून कंटाळा आहे. ग्रंथपाल सुलभाताई स्टेशनवर घ्यायला आल्या आणि काही न विचारता आधी घरी जेवायला घेऊन गेल्या. पुण्यात आधी 'जेवून आलात का?' असं विचारतात, म्हणजे आपण हो म्हणायची सोय होते. इथे थेट ताट. वांग्याचा हंगाम उलटत आला होता, तरी त्यांनी हिरवी भरताची वांगी मिळवली होती. कपाशीच्या काड्यांवर भाजून ठेचलेली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, सोबत कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. पुण्यातल्या हॉटेलांत खानदेशी भरीत म्हणून जे वाढतात, ते करणाऱ्यांना एकदा इथे पाटावर आणून बसवायला हवं.

कार्यक्रमाला मुलं होती, म्हणजे शाळेतून रांगेने आणून मागे बसवलेली होती. पुढच्या दोन रांगांत मोठी माणसं. अध्यक्षांनी मोरावर पंधरा मिनिटं बोलून घेतलं. मग माझा सत्कार केला आणि शाल दिली. जळगावला, चैत्रात, शाल. मी ती मांडीवर घेऊन घाम पुसत बसले.

मुलांशी बोलायला लागले तेव्हा जरा बरं वाटलं. मी विचारलं, "कुणाला काय विचारायचंय?" मागून एक मुलगी उठली. तिच्या हातात माझं मुलांचं पुस्तक होतं, बरंच हाताळलेलं. म्हणाली, "बाई, यात ते तितरवाले नाना आहेत ना, त्यांना पोलिसांनी पकडलं का?"

सुलभाताईंनी लगेच "पक्ष्यांबद्दल विचार हं बाळा" म्हणून तिला खाली बसवलं. मी मैनेकडे वळले, मैनेवर काय वाट्टेल ते बोलले, आणि वेळ संपली. जमलेल्या शंभर माणसांत पुस्तक खरोखर वाचलेली ती एकटीच होती, आणि तिला मी उत्तर दिलं नाही. लाज वाटली. अजून वाटते.

झालं होतं ते असं. पाच वर्षांपूर्वी मोठ्यांच्या पुस्तकासाठी हिंडताना दोंडाईच्याजवळच्या एका गावात मला नाना भेटले. वय सत्तरीचं. उभा जन्म लोकांच्या ज्वारी-बाजरीची राखण करण्यात गेलेला, गोफण घेऊन माळ्यावर उभं राहून. दारात पिंजरा, पिंजऱ्यावर कापड, आत राखी तितर. त्या भागात तितर पाळणारे पुष्कळ. पण नाना 'तितर बोलावणारे' होते. पाळलेला नर पहाटे शेताच्या बांधावर ठेवायचा. तो बोलतो. रानातल्या नराला वाटतं, आपल्या हद्दीत हा कोण आला, म्हणून तो भांडायला येतो आणि पिंजऱ्याभोवती लावलेल्या फाशांत पाय अडकवून घेतो. नानांच्या वडलांपासून हे चालत आलेलं. वर्षाकाठी दोन-चार पक्षी. चैत्र लागला की बंद, कारण अंड्यांचे दिवस.

मला फाशांचं कौतुक नव्हतं. पण नानांना जे कळत होतं ते मी चाळीस वर्षांत कुठे वाचलं नव्हतं. तितर तीन बोल बोलून गप्प झाला तर समजायचं, दुसरा ऐकतो आहे. मादी अंड्यांवर बसली की नर मुद्दाम लांब जाऊन ओरडतो, म्हणून आवाज येतो तिथे घरटं कधी शोधायचं नाही. मी दोन हंगाम पहाटे उठून हे ताडून पाहिलं. एकदाही चुकलं नाही.

मोठ्यांच्या पुस्तकात मी लिहिलं, 'एका स्थानिक जाणकाराच्या मते'. मोठ्यांची पुस्तकं आम्ही अशीच लिहितो, कुणाचा कुणाला पत्ता लागू नये अशी. मुलांच्या पुस्तकाच्या वेळी संपादक म्हणाले, "मुलांना माणूस लागतो. नाव, गाव, चेहरा द्या." मला पटलं. शिवाय नानांचे आभार मानायचे राहून गेले होते. मग सत्ताविसाव्या पानावर नानांचं नाव, गाव, पिंजरा घेतलेलं रंगीत चित्र, आणि तितर कसा बोलावतात याची सहा छोटी चित्रं, क्रमाने. तितर पकडणं गुन्हा आहे हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? चांगलं ठाऊक होतं. लिहिण्याच्या भरात डोक्यातच आलं नाही. तितराच्या पायाचा लाल रंग फिका आला म्हणून मी चित्रकाराला तीनदा परत पाठवलं, आणि हे सुचलं नाही. अशी मी हुशार.

ते पुस्तक शाळेत एका मुलीला बक्षीस मिळालं. तिचे वडील वनखात्यात. तिने रात्री जेवताना सत्ताविसावं पान वडलांना मोठ्याने वाचून दाखवलं. पुढच्या आठवड्यात नानांच्या गावात जीप आली. त्या माणसाने आपलं काम केलं, त्याला मी नावं ठेवणार नाही. नावं ठेवायची तर मला ठेवायची.

दोंडाईचा

जळगावहून सुरतेच्या बाजूची पॅसेंजर धरली. धरणगावपर्यंत दोन्ही बाजूंना कापूस काढून मोकळी झालेली काळी रानं. तारांवर कोतवाल, एका खांबावर चास. दुर्बीण पिशवीतच राहू दिली. समोर बसलेल्या बाई धरणगावला लेकीकडे निघाल्या होत्या. त्यांनी डबा उघडून शेवभाजी माझ्यापुढे सरकवली. "कुठे निघालात?" मी म्हटलं, "कोर्टात." त्यांनी हातातला घास खाली ठेवला, "जमिनीचं का?" मी म्हटलं, "नाही, पक्ष्याचं." बाईंनी मला नीट निरखलं आणि शेवभाजी आणखी थोडी वाढली.

दोंडाईच्याला उतरलं की मिरची आधी नाकात जाते. गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि बायका तोंडाला फडकी बांधून ती उलटत असतात. मी शिंकत शिंकत लॉज गाठला, सामान टाकलं आणि एसटी धरली. कंडक्टरने भलत्याच फाट्यावर उतरवलं. वर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. रस्त्यावर एक बाभूळ, तिची सावली हातभर. शेवटी एक मोटरसायकलवाला थांबला.

"कोणाकडे जायचं?"

मी नानांचं नाव सांगितलं. तो मागे वळून बघायला लागला. "ते पुस्तक लिहिलं त्या बाई का तुम्ही?" मी हो म्हटलं. त्याने गाडी सुरू केली. वेशीवर उतरवून एवढंच म्हणाला, "आधी आम्ही बठ्ठ्यांना ते पान दाखवायचो." बठ्ठे म्हणजे सगळे.

नाना ओट्यावर बसले होते. पाच वर्षांत माणूस अर्धा झालेला. मला पाहून उठले, सुनेला पाणी आणायला सांगितलं.

"या अक्का. एवढा उनमा काबरं उनात?"

एवढ्या उन्हात का आले, ते मी काय सांगणार. पाणी प्यायले. पिंजरा जिथे टांगलेला असायचा ती खुंटी रिकामी होती. तितराचं काय झालं ते सुनेने, रेखाने सांगितलं. ती दोंडाईच्याला बारावीपर्यंत शिकलेली, बोलायला स्पष्ट. तितर जप्त केला, फोटो काढले आणि निसर्गात सोडून दिला. नानांच्या हातून वाळवी खाऊन मोठा झालेला तो पक्षी. त्याला निसर्ग काय माहीत? दुसऱ्या दिवशी चालत चालत जवळच्या वस्तीवर गेला, माणसं दिसली म्हणून. कुत्र्याने धरला.

"नाना चार दिवस जेवले नाहीत," रेखा म्हणाली. "ते आपलं आहेच. आता उद्याचं काय ते सांगा."

उद्याचं म्हणजे माझी साक्ष. मी सरकारी साक्षीदार होते. पण नानांच्या वकिलांनी मला फोनवर सगळं समजावून सांगितलं होतं. पिंजरा सापडला तेव्हा तो नानांच्या घरात नव्हता, गावदरीच्या, म्हणजे गावालगतच्या, लिंबाला टांगलेला होता. पंच म्हणून सह्या करणारे गावातलेच दोघे, त्यांनी कोर्टात सांगून टाकलं की आम्ही कोऱ्या कागदावर सह्या केल्या. मग पिंजरा नानांचा कशावरून? राहिलं एकच, माझं पुस्तक. मी पान खरं म्हटलं तर नाना आत. शिक्षा वर्षांमध्ये मोजतात, आणि नानांचं वय पंच्याहत्तर. मी ते रचून लिहिलं म्हटलं तर नाना सुटले.

मी नानांनाच विचारलं, "मी उद्या काय सांगू?"

नानांना प्रश्नच कळला नाही. "जे शे ते सांगा. लिखेल शे ते खोटं शे का?"

"नाही."

"मंग?"

मी कायदा सांगायला लागले. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कायदा कायदानी जागावर. माले काय सजा देवानी ती देवोत. मी चोरी नही करी, अक्का. मना बाप तितर बलावे, मी बलावस. गावले माहीत शे."

रेखा आतून ताडकन बाहेर आली. "त्यांचं काय ऐकता अक्का. त्यांना रात्रीचा खोकला सुरू झाला की तासभर थांबत नाही. आत कोण पाठ चोळणार त्यांची? तुम्ही लिहिलं, तुम्हीच निस्तरा." बरोबरच होतं तिचं. मला ते इतकं लागलं की मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. नानांनी पुन्हा तोंड उघडलं होतं, पण मी "बघू या" म्हणून विषय बदलला. मग रेखाने तिकडची तिखट फौजदारी डाळ आणि भाकरी वाढली. डाळीचं नाव ऐकून आम्ही तिघंही जरासे हसलो. त्या घरात त्या दिवशी तेवढंच हसू झालं.

लॉजवर परत येताना मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटत होता, खोटं कशाला सांगू. चाळीस वर्षं ज्या बाईने पक्ष्याच्या डोळ्याचा रंग चुकला म्हणून संपादकांशी भांडणं केली, ती उद्या शपथेवर आपलंच पुस्तक खोटं पाडणार. म्हणजे मी केवढं देते आहे असं मला वाटत होतं.

कोर्टात

तालुक्याच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली नानांच्या गावची दहा-बारा माणसं आधीच येऊन बसली होती. काल मला सोडणारा मोटरसायकलवालाही होता. नाना धुवट धोतर आणि टोपी घालून आले होते. कोर्टात चाललेला माणूस इतका निर्धास्त मी पाहिला नव्हता.

शिपायाने पुकारा केला. शपथ झाली. सरकारी वकील तरुण होते, नम्र होते. त्यांनी माझं पुस्तक माझ्या हातात दिलं. त्यावर कोर्टाचा शिक्का, आकडा, सह्या. मुलांच्या पुस्तकावर एवढे शिक्के मी प्रथमच पाहिले.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

"पान सत्तावीस वाचा."

मी वाचलं. भर कोर्टात, मोठ्याने. 'आत्माराम नाना पहाटे उठतात. अजून चांदण्या असतात.' असं ते पान सुरू होतं. चांगलं लिहिलं होतं मी. मागच्या बाकावर गावातले लोक कान देऊन ऐकत होते, आणि नानांची मान ताठ होती.

"यातला मजकूर खरा आहे?"

"नाही," मी म्हटलं. "मुलांसाठी रचलेली गोष्ट आहे ती. माणूस आवडावा म्हणून खरं नाव घातलं. तितर, पिंजरा, फासे, सगळं माझ्या मनचं."

सरकारी वकिलांनी मला फितूर ठरवायची परवानगी मागितली, ती मिळाली. मग त्यांनी बरंच उलटसुलट विचारलं, पण मी मास्तरकी केलेली बाई, मी एका जागेवरून हलले नाही. खोटं बोलणं इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.

त्यानंतर नानांचे वकील उठले. खरं तर काम झालं होतं. पण त्यांना ते पक्कं करायचं होतं.

"आरोपीला पक्ष्यांची काही माहिती असल्याचं तुम्हाला कधी आढळलं का?"

"नाही."

"तितराच्या आवाजाबद्दल पुस्तकात जे लिहिलंय, ते आरोपीने तुम्हाला सांगितलं होतं का?"

"नाही. ते माझं स्वतःचं निरीक्षण आहे."

हे मला कुणी पढवलेलं नव्हतं. ते माझ्या तोंडातून आपोआप आलं. टंकलेखकाने ते टाइप केलं, न्यायाधीशसाहेबांनी वाचून दाखवलं, मी खाली सही केली. सही करताना नानांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते मागच्या बाकांकडे, गावातल्या माणसांकडे बघत होते, आणि ती माणसं खाली बघत होती.

बाहेर आल्यावर वकिलांनी माझा हात हातात घेऊन "मॅडम, सुटले समजा" म्हटलं. रेखा रडली आणि माझ्या पाया पडली. एकाने चहा सांगितला. मोटरसायकलवाला चहा घेता घेता नानांना म्हणाला, "काय नाना, आते तुमले कोंबडीबी वळखाले येवाव नही मंग." दोघं-तिघं हसले. थट्टाच होती, सुटल्याच्या आनंदातली. नानांनी चहाचा कप न पिता बाकावर ठेवला आणि लिंबाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले.

"नाना, दुसरा मार्ग नव्हता," मी म्हटलं.

"मी कालदिन सांगं व्हतं तुमले. जे शे ते सांगा म्हनीसन."

"तुम्ही आत गेला असतात."

"जातू." नाना सावकाश बोलत होते, रागाने नाही. "मी आत गऊ तरी गाव म्हनतं, तितर बलावामुळे गया. आते गाव काय म्हनी? चार लोकेस्ना समोर तुम्ही सांगं, याले काहीच समजत नही. मना बापनं शिकाडेल व्हतं ते."

त्यांना तुरुंगापासून वाचवायचं म्हणून मी जे देऊन टाकलं ते माझं नव्हतंच. सत्तर वर्षांत कमावलेली एकच गोष्ट त्या माणसाकडे होती, आणि ती मी शपथेवर काढून घेतली. कालची माझी सगळी ऐट मला आठवली आणि स्वतःची किळस आली.

"पुस्तकमातून मनं नाव काढशात?" त्यांनी विचारलं.

"काढावं लागेल, नाना. वकील म्हणाले."

"आनि ते तितरनं बोलनं? तीन बोल, मंग गप ऱ्हास ते? तेबी काढशात?"

"ते राहील."

"कोना नाववर?"

रेखा हाका मारत आली, गावाकडे जाणारी जीप भरत होती. नाना जाऊन बसले. मी जीपपर्यंत गेले, काच नसलेल्या खिडकीपाशी उभी राहिले. त्यांनी "या अक्का" म्हटलं. ते तिकडे निरोपालाही म्हणतात.

पुण्याला परतल्यावर

महिन्याभराने वकिलांचा फोन आला, नाना निर्दोष सुटले. रेखाशी बोलणं होतं अधूनमधून. खोकला आहे तसाच. पहाटे बांधावर जायचं त्यांनी सोडलं आहे. कुणी पक्ष्याचं नाव विचारलं तर म्हणतात, पुण्याच्या बाईंना विचारा.

मुलांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती दिवाळीत आली. सत्ताविसाव्या पानावर आता नुसता तितर आहे, पायाचा लाल रंग अगदी बरोबर. खाली तीन बोलांची गोष्ट आहे, मादी अंड्यांवर असताना नर लांब जाऊन ओरडतो ते आहे, आणि कंसात 'लेखिकेचं निरीक्षण' असं आहे. दुसरं काही छापता येत नव्हतं. कोर्टाच्या कागदावर माझी सही आहे.

गेल्या महिन्यात एका मासिकात पुस्तकाचं परीक्षण आलं. लिहिणारे पक्ष्यांतले जाणते गृहस्थ आहेत. तितराच्या बोलण्याबद्दलचं हे बारीक निरीक्षण आपल्या भाषेत पहिल्यांदाच येतं आहे, आणि त्याचं श्रेय लेखिकेने माळावर काढलेल्या पहाटांना आहे, असं त्यांनी लिहिलं आहे. मी त्यांना आभाराचं पत्र पाठवलं.